पोटातील सोबती

वर्गात गुरुजींनी अचानक आपले नाव पुकारावे आणि धडा तर मुळीच पाठ नसावा! अशा वेळी भीती वाटते ती मनाला, पण गोळा येतो तो पोटात. कोणाचे दुःख पाहिले की आपल्या पोटात तुटते. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो. पोट आणि मन यांचे नाते आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. परंतु हे नाते केवळ बोलण्यापुरते नाही. मेंदूपासून निघालेला एक लांब मज्जातंतू मान व छाती ओलांडून थेट आतड्यांपर्यंत पोहोचतो, आणि त्यातील बहुतेक धागे पोटाकडची वार्ता मेंदूकडे नेणारे असतात.

आतड्यांत आपल्याबरोबर असंख्य जिवाणूही नांदत असतात. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जिवाणू असावेत, असा अंदाज २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी केला. जिवाणू म्हटले की आपल्याला रोगच आठवतात. पण यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आणि कित्येक तर उपकारक असतात. धान्यभाज्यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, त्याचा काही भाग ते पचवितात. मग हे सोबती मुळीच नसते तर? आपले मन असेच घडले असते काय?

हा प्रश्न जपानमधील फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो व त्यांचे सहकारी यांनी उंदरांना विचारला, असे म्हणावयास हरकत नाही. निर्जंतुक उंदीर वाढविणे सोपे नाही. शस्त्रक्रियेने पिल्ले आईच्या पोटातून बाहेर काढून ती बंद पेटीत ठेवावी लागतात. पेटीत जाणारी हवा गाळलेली आणि अन्नपाणी निर्जंतुक केलेले असावे लागते. अशा पिल्लांच्या वंशातील उंदीर दिसावयास धडधाकट असतात. पण सुदो यांनी असे काही उंदीर आणि काही सामान्य उंदीर अरुंद नळीत तासभर कोंडून ठेवले, तेव्हा दोहोंतील फरक उघड झाला.

संकट आले की मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी रक्तात एक रस सोडतात. त्यामुळे शरीरातील साठविलेली शक्ती हाताशी येते. हा रस थोडा हितकर, फार झाला तर अपायकारक. निर्जंतुक उंदरांच्या रक्तात तो सामान्य उंदरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळला. संकट तेच, पण त्यांच्या शरीराने घेतलेली धास्ती मोठी! मेंदूच्या पेशींची जोपासना करणारे एक द्रव्यही त्यांच्या मेंदूच्या काही भागांत कमी भरले.

खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. सामान्य उंदरांच्या विष्ठेतील जिवाणू निर्जंतुक उंदरांच्या पोटात घातले, तेव्हा लहान वयाच्या उंदरांची ही धास्ती काही अंशी ओसरली. वय वाढलेल्या उंदरांना मात्र तेच जिवाणू देऊनही उपयोग झाला नाही. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. घाबरावे किती, याचे माप मेंदू लहानपणीच ठरवितो आणि त्या वेळी पोटातील सोबती जवळ असावे लागतात, असे त्यावरून दिसले.

सगळ्याच गोष्टींची वेळ अशी टळून जाते, असे मात्र नव्हे. मेंदूची राखण व साफसफाई करणाऱ्या काही पेशी असतात. निर्जंतुक उंदरांत त्या कच्च्याच राहतात, असे जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांना २०१५ साली आढळले. पण मोठेपणी जिवाणू मिळाल्यावरही त्या काही प्रमाणात सुधारल्या.

आता कोणी म्हणेल, दही खा म्हणजे उदासी पळेल! असे म्हणणारा शास्त्राच्या पुढे धावतो आहे. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि मनुष्याच्या सुखदुःखाला घरदार, सोबत, झोप, आजार अशी किती तरी कारणे असतात. शिवाय निर्जंतुक पेटीत वाढलेल्या उंदरासारखे तुमच्यापैकी कोणीच नाही. शस्त्रक्रियेने जन्मलेल्या किंवा आजारपणात जंतुनाशक औषध घ्यावे लागलेल्या बाळालाही आईच्या स्पर्शातून, अंथरुणातून, अंगणातील मातीतून जिवाणू मिळतच राहतात. साधारणतः तिसऱ्या वर्षापर्यंत बाळाच्या पोटातील ही वस्ती मोठ्या माणसांच्या वस्तीसारखी होते.

या वस्तीतील एका पहिल्या रहिवाशाला आंरी तिसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेरले. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत त्यांना बेचक्याच्या आकाराचे जिवाणू दिसले. त्यांचे नाव बायफिडोबॅक्टेरियम. आईच्या दुधात काही विशेष शर्करा असतात. दुधातील घन द्रव्यांत लॅक्टोज व स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचेच प्रमाण असते; तरीही त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. मग आईचे शरीर त्या कशासाठी तयार करते? त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात, आणि तेथे त्यांवर ताव मारतात ते हेच बेचक्याच्या आकाराचे जिवाणू. बाळाला पाजताना आई त्याच्या पोटातील या सोबत्यांनाही पाजीत असते.