‘काळासारखं औषध नाही’: जुन्या दुःखाविषयीचे चार गैरसमज

१० जुलै २०२४ च्या सकाळी मराठवाडा हादरला. भूकंपाचं केंद्र हिंगोली जिल्ह्यात होतं आणि तीव्रता ४.५. हा धक्का मध्यम स्वरूपाचा. पण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्यांनी भोगला, त्यांच्यासाठी जमिनीची थरथर तेवढ्यावर थांबत नाही. सुमारे दहा हजार माणसं गिळणारी ती पहाट शरीर विसरत नाही. छातीत धडधड होते, झोप उडते. घरातल्या कर्त्या माणसाने आत्महत्या केली, त्या शेतकरी कुटुंबांतही वर्षानुवर्षं हेच घडत असतं. अशा जुन्या जखमांना उपाय आहेत. आड येतात ते गैरसमज.

गैरसमज : काळ गेला की दुःख आपोआप सरतं.

वस्तुस्थिती : बहुतेकांच्या बाबतीत नातलग, शेजारी आणि शेतातली कामं यांच्या आधाराने मन सावरतं, हे खरं. काहींचं मात्र सावरत नाही. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, वर्षश्राद्धानंतर भेटायला येणारेही कमी होतात आणि दुःख तेवढंच धारदार राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अशा न ओसरणाऱ्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांनंतरही शोक समाजाच्या रीतीपेक्षा खूप तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर त्यावर उपचार घ्यावेत. आत्महत्येनंतर तर कर्ज, दोषारोप आणि लोकांच्या कुजबुजीत रडायलाही उसंत मिळत नाही.

गैरसमज : शोकाच्या पाच पायऱ्या क्रमाने पार कराव्या लागतात.

वस्तुस्थिती : एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये या पायऱ्या मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी तो नियम नव्हे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोक करणारं मन दुःख आणि नव्या जबाबदाऱ्या यांच्यात ये-जा करत राहतं. सकाळी ढसाढसा रडलेली हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची बाई दुपारी हळद शिजवायला उभी राहिली, तर ती निष्ठुर ठरत नाही. सणाच्या दिवशी पुन्हा कोसळली, तरी ती मागे गेलेली नसते.

गैरसमज : एकदा सगळं ओकून टाकलं की माणूस मोकळा.

वस्तुस्थिती : आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आघातावरच्या मानसोपचारात आधी सुरक्षितता, मग रुग्णाला पेलेल तेवढीच आठवण, असा टप्प्याटप्प्याने प्रवास होतो.

घरच्या घरीही काही करता येतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या आघाताविषयी लिहिलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्त वाईट वाटलं; पुढच्या महिन्यांत मात्र दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पण तोच प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येत असेल, दारू वाढली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर वहीवर विसंबू नये. मदत घ्यावी.

गैरसमज : समुपदेशन ही शहरातली चैन.

वस्तुस्थिती : अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार केले आणि तेही गुणकारी ठरले.

हिंगोलीचा समावेश राज्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातल्या १४ जिल्ह्यांत झाला. शेतकरी कुटुंबांतला मानसिक ताण ओळखण्याचं काम त्यात आशाताईंकडे आहे. ‘टेलीमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. दुःखी माणूस स्वतः फोन करत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणी सल्ल्यासाठी तो लावला तरी चालतो.