तंतुकणिका आणि आईचा वारसा : डग्लस वॉलेस यांचं संशोधन

'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाघर' हे वाक्य आपली मुलं घडाघडा म्हणतात. एका मार्काचं उत्तर झालं की धडा पुढे सरकतो. पण या ऊर्जाघराकडे स्वतःचा डीएनए असतो आणि तो बिघडला तर माणूस आजारी पडतो, हे किती मुलांना माहीत असतं?

हा डीएनए 1963 मध्ये सापडला. केंद्रकात सुमारे 20,000 जनुकं, तर इथे फक्त 37. त्यामुळे आनुवंशिक आजारांची कारणं सगळे केंद्रकातच शोधत होते. अमेरिकन शास्त्रज्ञ डग्लस वॉलेस मात्र या 37 जनुकांमागे लागले.

येल विद्यापीठात असताना त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाला न जुमानणाऱ्या मानवी पेशी घेतल्या. त्यांचं केंद्रक काढून टाकलं आणि उरलेला भाग साध्या पेशींशी जोडला. आता या नव्या पेशीही औषधाला दाद देईनात! म्हणजे हा गुण केंद्रकाबाहेरून आला होता.

1980 मध्ये स्टॅनफर्डला त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलं, की माणसात तंतुकणिकांचा डीएनए आईकडून येतो. कारण बीजांडात तंतुकणिका भरपूर असतात. शुक्राणूतल्या मोजक्या तंतुकणिका फलनानंतर सहसा नष्ट होतात.

मग 1988 साल उजाडलं. लेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक नेत्रविकारात, बहुतेकदा ऐन तारुण्यात, दृष्टी झपाट्याने जाते. वॉलेस यांच्या गटाला त्याचं कारण तंतुकणिकेच्या डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलात सापडलं. दृष्टीच्या चेतातंतूला ऊर्जा फार लागते, म्हणून फटका तिथे बसतो. त्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनाही स्नायूंच्या आजारात या डीएनएचे तुकडे गळालेले दिसले. पुढे फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातही वॉलेस यांनी हेच काम चालू ठेवलं.

वर्गात हे कसं सांगाल? फळ्यावर तीन पिढ्यांची वंशावळ काढा. बदल असलेल्या आजीपासून सुरुवात करा. तिची सगळी मुलं रंगवा. पुढच्या पिढीत फक्त मुलींची मुलं रंगवा, मुलग्यांची नाही. नियम मुलं स्वतःच ओळखतील. मात्र कुणाला स्वतःच्या घरातले आजार विचारू नका.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. 'आईकडून आला' म्हणजे 'आईमुळे झाला' असं नाही. हा बदल कुणी निवडत नाही, तो तिलाही तिच्या आईकडूनच आलेला असू शकतो. शिवाय बदल असूनही अनेकांची दृष्टी आयुष्यभर शाबूत राहते. मूल आजारी पडलं की आपल्याकडे बोट आधी आईकडे वळतं. विज्ञानाच्या तासाला हे बोट खाली आणता आलं, तर धडा खरा शिकवून झाला म्हणायचा.