लोखंडावरचा नंबर

सालेकशाच्या मावसाजींची डिझेल जीप १५ वर्षांची झाली. धानाची पोती असोत, वऱ्हाड असो की रात्रीची दवाखान्याची धावपळ, सगळं तिनंच ओढलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणून तिला पासिंगला गोंदियाला न्यायचं ठरलं. मीही सोबत गेलो.

आदल्या दिवशी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. इंजिनावर तेल-मातीचा जाड थर. त्यानं डिझेलचा बोळा फिरवला, वायर ब्रशनं घासलं आणि मग खडू चोळून वरून फडकं मारलं. कोरलेल्या आकड्यांत खडू अडकला, नंबर पांढरा उमटला. आरसीशी ताडून पाहिला, तर जुळेना. चार वर्षांपूर्वी इंजिन जाम झालं तेव्हा त्याच कंपनीचं, त्याच टाइपचं दुसरं बसवलं होतं. नोंद मात्र राहून गेली.

"नंबर कोण पाहते जी?" शेजारचा एकजण म्हणाला.

"पाहतेत ना! सांगून टाका, मावसाजी. लपवाल तर फसाल," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचं म्हणणं कायद्याला धरून होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नेमकं यासाठीच आहे. इंजिन बदललं की १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि आरसीत नवा नंबर चढवून घ्यायचा. गाडी हप्त्यावर असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी लागते. सीएनजी किट बसवायलाही मुभा आहे. किट मात्र मान्यताप्राप्त हवं. परवानगी नसलेला फेरबदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कंपनीनं ठरवलेली मूळ रचना मालकाला मनाप्रमाणे बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

मावसाजींनी इंजिनाचं जुनं बिल शोधून काढलं, अर्ज केला, उशिराचा भुर्दंड भरला. निरीक्षकांनी वाकून स्वतः नंबर वाचला. चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासली. एकेक आकडा कागदावर उतरला. मग ब्रेक, स्टिअरिंग, दिवे पाहिले.

धुराची चाचणी आम्ही आधीच पीयूसी केंद्रावर करून घेतली होती. गाडी न्यूट्रलला, सायलेन्सरमध्ये नळी, आणि अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत. असं पुन्हा पुन्हा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे. जास्त ओढ मिळावी म्हणून डिझेल पंप वाढवलेला असला, तर जादा डिझेल पुरतं जळत नाही. काजळी होऊन बाहेर पडतं. त्या काळ्या धुरात सायकलवरून शाळेत जाणारी आमची पोरं असतात. म्हणून ही चाचणी मला फार मोलाची वाटते.

नंबराचंही तसंच. चोरीच्या गाडीचा माग त्याच्यावरूनच लागतो. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस आधी तोच ताडून पाहतो. कागद एक आणि लोखंड दुसरं बोलू लागलं, की ज्या घरावर संकट आलं त्याच घराला हेलपाटे पडतात. इंजिन बदलणं हा गुन्हा नाही. ते न सांगणं महागात पडतं.

नवी नोंद हातात आली त्या दिवशी मावसाजींनी अंगणात बॉनेट उघडलं. खडू अजून आकड्यांत होता. नातवानं बोट ठेवून इंजिनावरचा नंबर मोठ्यानं वाचला आणि मावसाजींनी चष्मा लावून तो आरसीत तपासला. एकेक आकडा जुळला.