डेटाची टाकी आपल्याच गावात : काळ्या खिडकीतून उभा केलेला शाळेचा एज सर्व्हर



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. बारा टॅब, दोघांत एक. सगळ्यांनी एकाच वेळी एकच व्हिडिओ उघडला आणि बाराही टॅबवर ते गोल चक्र फिरायला लागलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे नुसतं फिरूनच रायलं!" पोरं हसली, मीही हसलो. पण तास वाया गेला तो गेलाच.

घरी आल्यावर वहीत गणित मांडून पाहिलं. तुम्हीही पाहा.

व्हिडिओ ५० एमबीचा. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून ५० × ८ = ४०० मेगाबिट. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला त्या वेळी वेग मिळाला सेकंदाला ४ मेगाबिट. म्हणजे एका टॅबला १०० सेकंद. बारा टॅबना १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटं! चाळीस मिनिटांची तासिका निम्मी चक्र बघण्यातच गेली. शिवाय डेटा खर्च झाला ६०० एमबी. तोच व्हिडिओ, तोच वर्ग, आणि तो आपण बारा वेळा लांबून मागवला.

चूक टॅबची नव्हती, पोरांची तर मुळीच नव्हती. आपण वस्तू चुकीच्या जागी ठेवली होती. ती योग्य जागी ठेवण्याच्या पद्धतीलाच एज कंप्युटिंग म्हणतात. ते आपल्यासारख्या शिक्षकाला काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून जमतं का, हे आज पाहू.

एज म्हणजे काय?

एज म्हणजे काठ, कड. इंटरनेटच्या जाळ्याच्या मध्यभागी मोठमोठी डेटा सेंटर आणि काठावर आपण, म्हणजे मोबाईल, टॅब, शाळा. डेटा साठवायचं आणि त्यावर प्रक्रिया करायचं काम मध्यभागी न करता वापरणाऱ्याच्या जवळ, काठावर करायचं, एवढाच याचा अर्थ.

वरवट बकालच्या माणसाला हे समजवायला पाण्याचंच उदाहरण पुरे. आपला हा खारपाणपट्टा. विहिरीला, बोअरला पाणी लागतं, पण खारं. म्हणून वान धरणाचं पाणी पाइपलाइनने येतं. आता कल्पना करा, प्रत्येक घराने तहान लागली की धरणापर्यंत स्वतंत्र पाइप टाकला तर? चालणार नाही. म्हणून गावात उंच टाकी असते. धरणातून ती एकदा भरायची, मग घरोघरचे नळ टाकीवर चालतात. मधे पाइपलाइन फुटली तरी टाकीत आहे तोवर पाणी मिळतं.

एज सर्व्हर ही ती टाकी.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी काढली. वेबसाइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि माणसाला जवळची प्रत द्यायची, हाच त्यांचा धंदा. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत डेटा सेंटर सुरू केली, त्यामागेही वापरणाऱ्याच्या जवळ येण्याचं कारण होतंच. पण मुंबई-पुणं आपल्याला जवळ कुठे? शेवटचा अरुंद रस्ता आपल्या टॉवरपासून शाळेपर्यंतचा आहे. टाकी हवी ती त्याच्याही अलीकडे, वर्गाच्या कपाटावर.

मग काळी खिडकी कशाला?

याला एक कारण आहे, आणि तेच या लेखाचं खरं कारण.

मी पूर्वी एका शाळेत रुजू झालो तेव्हा कपाटात एक छोटा सर्व्हर पडलेला होता. लोकवर्गणीतून घेतलेला. आधीच्या सरांनी मोठ्या हौसेने बसवला होता. त्यांची बदली झाली आणि काही महिन्यांत तो बंद पडला. पासवर्ड कोणाला माहीत नाही, कुठली बटणं दाबून काय केलं तेही माहीत नाही. सरांना फोन केला, ते म्हणाले, "अहो, तेव्हा कुठेतरी क्लिक करत गेलो आणि झालं!" त्यांचा दोष नाही. क्लिकची नोंद राहत नाही. पण गावाने दिलेला पैसा धूळ खात पडला, आणि पुन्हा वर्गणी मागायला आपलं तोंड राहत नाही.

आज्ञा मात्र लिहून ठेवता येते. टाचणात जसे पाठाचे टप्पे लिहितो, तसे दहा ओळींत सर्व्हर उभा करण्याचे टप्पे लिहिता येतात. बदली माणसाची होते, वहीची होत नाही.

आज्ञेचं व्याकरण

आज्ञा टाइप करून काम करवून घेणाऱ्या साधनाला कमांड लाइन टूल म्हणतात. गावातली जी पोरं पुण्यात आयटीत आहेत, ती रोज हेच करतात. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडसाठी 'एझेड' नावाचं साधन आहे. त्यात काठावरच्या यंत्राची आज्ञा अशी :

एझेड – डेटाबॉक्सएज – डिव्हाइस – क्रिएट

आधी साधन, मग विभाग, मग वस्तू आणि शेवटी क्रियापद. मराठी वाक्यासारखंच क्रियापद शेवटी! त्यापुढे दोन आडव्या रेघा देऊन उत्तरं लिहायची : कोणत्या गटात? कोणत्या नावाने? कोणत्या ठिकाणी? आपण क्रियापदाला प्रश्न विचारून कर्ता-कर्म शोधायला शिकवतो, अगदी तसंच.

अशा आज्ञेने जे तयार होतं त्याला रिसोर्स म्हणतात. इथे बरेच जण गोंधळतात. 'क्रिएट' म्हटल्याने हवेतून यंत्र येत नाही. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव दाखल करतो ना, तशी ती नोंद असते. नोंद झाली की सक्रिय करण्याची किल्ली मिळते. ती किल्ली प्रत्यक्ष यंत्रात टाकली की यंत्र आणि नोंद जोडली जाते. 'लिस्ट' म्हणजे हजेरी, 'शो' म्हणजे एकाच मुलाची माहिती, 'डिलीट' म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. क्लाउडमध्ये हा दाखला वेळेवर द्यावा लागतो, कारण काही रिसोर्सचं बिल ते काढेपर्यंत चालूच राहतं.

शाळेला ही महागडी यंत्रणा नको. आपल्याला रास्पबेरी पाय पुरतो. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, पहिल्यांदा २०१२ मध्ये बाजारात आला. त्यावर 'कोलिब्री' हे मोफत सॉफ्टवेअर. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेने ते इंटरनेट नसलेल्या शाळांसाठीच बनवलंय.

आमच्या वहीतले टप्पे

साहित्य : ४ जीबी मेमरीचा रास्पबेरी पाय ४, १२८ जीबीचं मेमरी कार्ड, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर, कीबोर्ड आणि शाळेतला टीव्ही. कार्डावर रास्पबेरी पायची प्रणाली आधी टाकून घ्या.

सूचना : मी इथे आज्ञांचे उच्चार लिहिलेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा. शब्दांमधली मोकळी जागाही महत्त्वाची.

१. 'सुडो एपीटी अपडेट'. सुडो म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीने काम करणं. एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर आणणारा शिपाई. अपडेट म्हणजे नवी यादी आण.

२. कोलिब्रीची डेब फाइल त्यांच्या साइटवरून उतरवा. मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल', पुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव. टिंब म्हणजे 'मी आता आहे त्याच फोल्डरमधून'.

३. 'कोलिब्री स्टेटस'. चालू आहे का ते विचारा. नसेल तर 'कोलिब्री स्टार्ट'. पहिल्यांदा ब्राउझरमध्ये उघडलं की शाळेचं नाव आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड भरायचा.

४. 'कोलिब्री मॅनेज इंपोर्टचॅनल नेटवर्क', पुढे चॅनलचा ३२ अक्षर-अंकांचा क्रमांक. याने फक्त अनुक्रमणिका येते.

५. 'कोलिब्री मॅनेज इंपोर्टकंटेंट नेटवर्क', पुढे तोच क्रमांक. आता खरे व्हिडिओ, खरी पुस्तकं येतात. चौथा टप्पा करून "काहीच दिसत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी पाचवा केलेला नसतो.

६. 'सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय हॉटस्पॉट', पुढे वायफायचं नाव आणि किमान आठ अक्षरी पासवर्ड. आता पाय स्वतःच वायफाय देतो. म्हणूनच हा टप्पा शेवटी : आधी केला तर पायचं स्वतःचं इंटरनेट तुटतं आणि टाकी रिकामी राहते.

७. टॅब त्या वायफायला जोडा आणि ब्राउझरमध्ये १०.४२.०.१:८०८० हा पत्ता टाका.

८. सुट्टीच्या वेळी 'सुडो शटडाउन नाऊ'. दिवा शांत झाल्यावरच बटण बंद.

कोणतं चॅनल घ्यावं? आम्ही प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरपासून सुरुवात केली, त्यात मराठी गोष्टी आहेत. सगळं चॅनल उतरवू नका, हवा तेवढाच भाग निवडा. टाकी गावाच्या मापाची असावी. भरण्याचं काम रात्री लावून द्या.

चुका वाचायला शिका

काळी खिडकी रागावत नाही, ती चूक दाखवते. 'कमांड नॉट फाउंड' म्हणजे स्पेलिंग किंवा जागा चुकली. 'परमिशन डिनाइड' म्हणजे बहुधा सुडो राहिलं. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणजे फाइल तुम्ही म्हणता तिथे नाही. वरचा बाण दाबला की मागची आज्ञा परत येते, टॅबची कळ दाबली की अर्धं नाव पूर्ण होतं. अजून भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. मी तिथूनच सुरुवात केली.

वहीची परीक्षा

पावसाळ्यात एकदा लाइट गेली, आली, पुन्हा गेली. आठवा टप्पा करायची संधीच मिळाली नाही आणि मेमरी कार्ड बिघडलं. मी तेव्हा प्रशिक्षणाला बाहेरगावी. शाळेत होत्या त्या आमच्या एक मॅडम, ज्या "मला त्या काळ्या खिडकीची भीती वाटते बाप्पा" म्हणायच्या.

त्यांनी नवं कार्ड मागवलं आणि वही उघडली. पहिल्या दिवशी तिसऱ्या टप्प्यावर अडकल्या. फोनवर त्यांनी मला ओळ वाचून दाखवली, तेव्हा कळलं की दोन शब्द जोडून टाइप झालेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोटो आला : तिसरीतल्या पोरी टॅबवर गोष्ट वाचतायत. मॅडमनी वहीत स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली होती : "इथे मोकळी जागा द्यावी, मी चुकले होते."

माझ्या लेखी शाळेचा सर्व्हर त्या दिवशी खऱ्या अर्थाने उभा राहिला. आता पायला पॉवर बँकेचा आधार दिलाय आणि भरलेल्या कार्डाची एक प्रत कपाटात आहे.

मर्यादाही सांगतो

बाराही टॅबनी एकदम व्हिडिओ लावला तर पायचं वायफायही अडखळतं. आम्ही दोन गट करतो, एक बघतो, दुसरा वहीत लिहितो. टाकीतलं पाणी जसं बदलावं लागतं, तसा मजकूरही अधूनमधून नवा भरावा लागतो. ती जबाबदारी कोणाची, हे वहीत नावानिशी लिहा. आणि सर्व्हर म्हणजे शिक्षक नव्हे, हे सांगायला नकोच.

पालकांसाठी दोन गोष्टी. एक, मुलाला शाळेतला व्हिडिओ बघायला वेगळं रिचार्ज लागत नाही. दोन, मुलाने काय सोडवलं, कुठे चुकलं, ही नोंद शाळेतल्या यंत्रातच राहते. घरी सर्व्हर नसला तरी काठाची युक्ती वापरता येते : दीक्षा अ‍ॅपवर पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जो पाठ दिसतो तो एकदा उतरवून ठेवा, मग मूल तो कितीही वेळा बघू दे.

वर्गात करून पाहण्यासारखा उपक्रम : एका मुलाने यंत्र व्हायचं, दुसऱ्याने चिठ्ठीवर फक्त लेखी आज्ञा द्यायच्या : "तीन पावलं पुढे. उजवीकडे वळ. खडू उचल." तोंडाने बोलायचं नाही. मग ती चिठ्ठी तिसऱ्या मुलाला द्या. त्यालाही खडू मिळाला, तर आज्ञा बरोबर लिहिली.

तुमच्या शाळेच्या कपाटातही एखादं यंत्र धूळ खात असेल. ते बाहेर काढण्याआधी एक दोनशेपानी वही आणा आणि पहिल्या पानावर तारीख टाका.