उतारवयातले मनगट आणि घड्याळाचे माप

पंचाहत्तरी असो वा सहस्रचंद्रदर्शन, आपल्या धाराशिव जिल्ह्यातील घरांत पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी मुले आई-वडिलांसाठी एखादी मौल्यवान वस्तू घेऊन येतात. अलीकडे या भेटींत उंची घड्याळाला मान मिळू लागला आहे. समारंभात ते हौसेने मनगटावर चढते, छायाचित्रे निघतात आणि महिन्याभरात ते डबीत व डबी कपाटात जाते. ‘जपून ठेवले आहे,’ असे वडील सांगतात. खरे कारण बहुधा वेगळे असते. घड्याळ जड वाटते, मनगटावर फिरत राहते, बक्कल लागत नाही किंवा आकडे दिसत नाहीत. मुलांचे मन दुखावू नये म्हणून हे कोणी बोलत नाही. दवाखान्यात मात्र ते उलगडते, कारण नाडी पाहताना डॉक्टरांचा हात त्याच मनगटावर पडतो.

म्हणून आरंभीच सांगावेसे वाटते, की उतारवयात घड्याळ निवडताना किंमत आणि नाव यांच्याआधी आजचे मनगट, आजची बोटे आणि आजची नजर लक्षात घ्यावी.

मनगट का बदलते?

वय वाढते तसे स्नायू रोडावतात आणि त्वचेखालील चरबीचा थर पातळ होतो. हाड तेवढेच राहते, पण त्यावरचे आच्छादन कमी झाल्याने मनगट बारीक व टोकदार भासते. त्वचा नाजूक होते. किरकोळ घासण्यानेही तिच्यावर जांभळट डाग उमटतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिनसारखी औषधे चालू असतील, तर हे डाग अधिक सहज येतात. अशा मनगटावर धारदार कडांचे, सैल लोंबणारे घड्याळ दिवसभर आपटत राहणे योग्य नव्हे.

आपल्या पिढीच्या सवयीचाही विचार हवा. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवण्यास आरंभ केला. तिच्या ‘जनता’ घड्याळाची तबकडी सुमारे ३५ मिलिमीटरची. कित्येक शिक्षकांनी, तलाठ्यांनी आणि एस.टी.च्या वाहकांनी उभी नोकरी तेवढ्याच आकाराच्या घड्याळावर केली. आज दुकानात पुरुषांसाठी सर्रास ४० ते ४४ मिलिमीटरची घड्याळे मांडलेली असतात. तरुण, भरदार मनगटाला ती शोभतात. सत्तरीच्या मनगटावर तीच बोजड ठरतात.

माप कसे घ्यावे?

मनगटाच्या हाडाच्या किंचित वर, जिथे घड्याळ बसते तिथे, दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा. घेर १४-१५ सेंटिमीटर असेल तर ३० ते ३४ मिलिमीटरची तबकडी, १६-१७ असेल तर ३४ ते ३८ आणि त्याहून अधिक असेल तर ३८ ते ४० मिलिमीटरची तबकडी साधारणतः बरी. हा ढोबळ अंदाज आहे. अंतिम निर्णय घड्याळ हातात घालूनच घ्यावा. पट्टा ज्या दोन टोकांत अडकवलेला असतो, ती टोके मनगटाच्या कडेबाहेर येता कामा नयेत. पट्टा बांधल्यावर त्याखालून करंगळी सहज जावी, पण घड्याळ गोल फिरू नये. उंची घड्याळेही अनेक मापांत मिळतात. रोलेक्सचे ‘डेटजस्ट’ ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटरमध्ये येते. तेव्हा मोठे तेच भारी, असे समजण्याचे कारण नाही.

आई-आजीसाठी चूक उलट दिशेने होते. स्त्रियांची घड्याळे नाजूक हवीत, या समजुतीने नखाएवढी तबकडी घेतली जाते आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तिच्यावरचे काही दिसत नाही. त्यांनाही ३० ते ३४ मिलिमीटरची स्पष्ट तबकडी सोयीची पडते. बांगड्या घालण्याची सवय असेल, तर घड्याळ दुसऱ्या हातात घालावे.

नजर, बोटे आणि वजन

पांढरी तबकडी, ठळक काळे आकडे आणि गडद काटे ही वाचायला सर्वांत सोपी रचना. सोनेरी तबकडीवर सोनेरी काटे डबीत सुंदर दिसतात, पण संध्याकाळच्या मंद उजेडात हरवतात. आकार न वाढवताही ठळकपणामुळे वेळ नीट वाचता येते.

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर बारीक बक्कल लावणे आणि लहानशी चावी फिरवणे क्लेशदायक होते. तेव्हा बटण दाबून उघडणारी कडी आणि सेलवर चालणारे घड्याळ निवडावे. हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारी महागडी घड्याळे दिवसाचा बराच वेळ बसून असणाऱ्या व्यक्तीच्या हातात पुरेशी भरत नाहीत आणि बंद पडतात. मग ‘इतके महागाचे, तरी बिघडले’ अशी हळहळ उरते.

पोलादी चेनचे मोठे घड्याळ सहज १४०-१५० ग्रॅम भरते. टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून थोडे जड, तर १८ कॅरेटचे सोने पोलादाच्या जवळपास दुप्पट जड. वजन कमी हवे असेल तर टायटॅनियम किंवा चामड्याचा पट्टा घ्यावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चामडे घामाने भिजते; त्या दिवसांत मऊ रबरी पट्टा बरा. घड्याळाखाली खाज वा लाल चट्टा उठला, तर ती धातूतील निकेलची ॲलर्जी असू शकते.

डायलिसिससाठी ज्या हाताला फिस्टुला केला आहे, त्या हातात घड्याळ घालू नये. काही पट्ट्यांत चुंबक असते. पेसमेकर असलेल्यांनी असा पट्टा छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा.

घड्याळ सैल झाले तर

काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांनी हा भाग अवश्य वाचावा. नेहमीचे घड्याळ काही महिन्यांत सैल होऊन कोपराकडे सरकू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता वजन पाच टक्क्यांनी घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलो कमी झाले, तर तपासणी आवश्यक असते. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचे विकार, कर्करोग, नैराश्य, इतकेच काय नीट न बसणारी कवळी, यांपैकी काहीही कारण निघू शकते. उलट, पट्टा एकाएकी घट्ट होऊन पायांवर व चेहऱ्यावरही सूज दिसली, तर हृदय व मूत्रपिंडाची तपासणी करावी. एकच हात सुजला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आयुष्यभर घड्याळ वाचणारी व्यक्ती काट्यांचा अर्थ लावताना गोंधळू लागली, तर दोष तबकडीचाच असेल असे नाही. स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक चाचणीत डॉक्टर रुग्णाला अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढायला सांगतात, ते यासाठीच. हा गोंधळ अचानक उद्भवला तर तो पक्षाघातही असू शकतो. तेव्हा विलंब न करता रुग्णालय गाठावे.

भेट द्यायची असेल तर वडीलधाऱ्यांना दुकानात सोबत न्यावे, घड्याळ पाव तास हातात ठेवू द्यावे आणि बक्कल त्यांनाच लावू-काढू द्यावी. त्यांना जुने घड्याळच प्रिय असेल, तर ते साफ करून, नवा मऊ पट्टा लावून द्यावे. तीही उत्तम भेट होय. आणि पट्टा आज कितव्या छिद्रात लागतो, ते औषधांच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या तपासणीला ती नोंद डॉक्टरांच्या उपयोगी पडेल.