नोकरी आणि निष्ठा – ६ : टपालवाल्याचा रविवार

मागच्या आठवड्यात आपण दानीएलाच्या ताटापाशी थांबलो होतो. राजाच्या पंक्तीचं अन्न त्याने नाकारलं, पण नुसता नकार देऊन तो मोकळा झाला नाही. दानीएल आणि त्याचे तिघे सोबती हडकले तर राजा जाब विचारेल आणि मान आपली जाईल, ही भीती वरच्या अधिकाऱ्याने बोलून दाखवली होती. दानीएलाने ती ऐकून घेतली आणि कारभाऱ्याकडे फक्त दहा दिवस मागितले. निष्ठा माझी असली तरी तिचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. तोच आज अमेरिकेतल्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यातून पाहू.

जेराल्ड ग्रॉफ हा पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातला. २०१२ मध्ये तो अमेरिकेच्या टपाल खात्यात लागला. काम ग्रामीण भागात टपाल वाटण्याचं, तेही कायम कर्मचारी रजेवर असेल तेव्हा. आपल्या गिरण्यांच्या भाषेत तो ‘बदली’ होता. रविवारी सहसा टपाल वाटत नसत, त्यामुळे प्रभूचा दिवस पाळणाऱ्या ग्रॉफला अडचण नव्हती. २०१३ मध्ये टपाल खात्याने अ‍ॅमेझॉनची पार्सलं रविवारीही पोचवण्याचा करार केला. पुढे ते काम त्याच्या क्वारीव्हिलच्या कचेरीतही येऊन पोचलं.

सुरुवातीला पोस्टमास्तरने वाट काढली. आठवड्यातल्या इतर पाळ्या कर, रविवार सोडतो. ग्रॉफ कबूल झाला. पण कामगार संघटनेशी झालेल्या नव्या कराराने रविवारच्या पाळ्या ठरल्या आणि ही सवलत संपली. तेव्हा त्याने होल्टवुड नावाच्या लहानशा कचेरीत बदली मागून घेतली. तिथे रविवारचं वाटप नव्हतं. मात्र या बदलीत त्याची साठलेली सेवाज्येष्ठता गेली. खटल्याच्या गोष्टीत हा तपशील सहसा एका ओळीत उरकतात, मला मात्र तोच सर्वांत बोलका वाटतो. कोर्टाची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी या माणसाने आपल्या श्रद्धेची किंमत स्वतःच्या खिशातून भरली होती.

२०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनची पार्सलं होल्टवुडलाही आली. ग्रॉफ रविवारी जात नसे, म्हणून मूठभर सहकाऱ्यांना त्याच्या वाट्याचं काम करावं लागे. कधी खुद्द पोस्टमास्तरही पार्सलं वाटायला निघे. ग्रॉफवर शिस्तभंगाची कारवाई पायरीपायरीने चढत गेली. जानेवारी २०१९ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि खात्यावर दावा लावला.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला मालकाने वाजवी सोय करून द्यायची असते. फक्त त्यामुळे धंद्याला ‘अवाजवी अडचण’ होता कामा नये. अडचण अवाजवी कधी म्हणायची? १९७७ च्या एका निकालात शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्या विमान कंपनीच्या कामगाराविरुद्ध निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने किरकोळीपेक्षा जास्त खर्च म्हणजे अवाजवी, असे शब्द वापरले होते. खालची न्यायालयं ते शब्द धरून बसली. शनिवार पाळणारे आणि रविवार पाळणारे दोघंही त्यात अडकत राहिले. ग्रॉफही आधीच्या दोन्ही पायऱ्यांवर हरला.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की किरकोळ खर्चाचं कारण पुरेसं नाही. त्या धंद्याचा आकार, स्वरूप आणि खर्च पाहता भार खरोखर मोठा आहे, हे मालकाने दाखवलं पाहिजे. इतरांना जादा काम द्यावं लागतं एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत. आपखुशीने पाळ्यांची अदलाबदल होते का, हेही पाहावं लागेल. सहकाऱ्यांना एखाद्याचा धर्म खटकतो, ही तर अडचणच नव्हे. पण या निकालाने ग्रॉफचा दावा मंजूर झाला नाही. नव्या कसोटीवर तपासायला तो खालच्या न्यायालयाकडे परत गेला. ‘ग्रॉफ जिंकला’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि ते सहकारी? त्यांनाही घर होतं, कदाचित त्यांचीही मंडळी होती. दहा आज्ञांमध्ये विसाव्याची आज्ञा आहे, ती केवळ घरधन्यासाठी नाही. दास, दासी, जनावरं, दाराशी आलेला परका, सगळ्यांची नावं घेऊन ती दिली आहे. माझ्या शब्बाथापायी शेजारच्याचा विसावा जात असेल, तर मी आज्ञेचा अर्धाच भाग पाळला.

इथे मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. ते ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी रविवारच्या सुट्टीची मागणी मांडली. निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. साहेबांचा रविवार चर्चचा असेल, पण कामगाराचा रविवार खंडोबाचा वार होता. लोखंड्यांनी सुट्टी मागितली ती सगळ्यांसाठी. आज आपण रविवारी निवांत उपासनेला बसतो, त्यात त्यांचाही वाटा आहे, आणि आपल्या मंडळ्यांमधून हे नाव क्वचितच कानी पडतं याची मला खंत वाटते.

आपल्याकडे खासगी नोकरीत धर्माचरणाची सोय मागण्यासाठी अमेरिकेसारखा सरळ कायदा नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलं, सोळाव्याने सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभावाला मनाई केली. पण मॉलमधली, कॉल सेंटरमधली रविवारची पाळी त्याने चुकत नाही. तिथे चालतं ते बोलणं, आणि आपली पत. बोलणं नोकरी धरण्याआधी व्हावं, पहिला रविवार बुडाल्यावर नव्हे. रुग्णालयातल्या परिचारिकांना तर मी काहीच सांगणार नाही. शेवटचं गीत होण्याआधी गणवेशात उठून वॉर्डकडे निघणाऱ्या या बहिणींना मंडळीने अपराधी वाटू देऊ नये. शब्बाथाच्या दिवशी प्रभूने रोगी बरे केले, तेही ठपका सोसून. कॅथलिक बांधवांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेची मुभा आहे, वसईहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांना ती ठाऊकच आहे.

बाकीच्यांनी साहेबांकडे अर्ज नेण्याआधी पाळीचा तक्ता समोर घ्यावा. माझे रविवार कोण भरणार, त्याचं नाव काय, त्याच्या घरी कोण आहे, हे माहीत करून घ्यावं. आणि नाताळची रजा मागायची असेल तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची पाळी आपण होऊन, त्याने विचारण्याआधी, स्वतःच्या नावावर लिहून घ्यावी.

(पुढील आठवड्यात : खोट्या बिलावर सही)