मागच्या पानांचा मागोवा

गेल्या महिन्यात घरी एक पार्सल आलं. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यावरच्या एका जाडजूड ग्रंथाची नवी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीची सूची मी केली होती, म्हणून लेखकाच्या मुलानं आठवणीनं प्रत धाडली. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ झकास, दोन नव्या प्रस्तावना. सवयीनं पुस्तक मागून उघडलं, तर शेवटचं प्रकरण संपल्यावर थेट प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती. सूची गायब! फोन लावला. पलीकडचा तरुण अदबीनं म्हणाला, "मॅडम, आता सूची कोण बघतं? सगळं सर्च होतं." या पुस्तकाची ई-आवृत्ती निघालेलीच नाही. छापील कागदावर सर्च कुठं मारायचा, हे विचारेपर्यंत त्यानं फोन ठेवला होता. तेव्हा पुढचं सगळं रागातून लिहिलेलं आहे, हे वाचकांनी धरून चालावं.

मराठीला सूचीचं वावडं होतं, असं अजिबात नाही. केतकरांनी ज्ञानकोशाच्या २३ खंडांतला एक अख्खा खंड सूचीला दिला. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली छापली आणि १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ साली काढला. त्यापुढची, १९८५ पर्यंतची वर्षं शरद साठे यांनी अंगावर घेतली. सु. रा. चुनेकरांनी तर 'सूचींची सूची' केली. पण हा मान मिळाला तो ग्रंथसूचीला, म्हणजे कोणकोणती पुस्तकं निघाली याच्या नोंदीला. एकाच पुस्तकाच्या पोटात काय कुठं आहे हे सांगणारी शेवटच्या सहाआठ पानांची सूची मात्र कायम पोरकी. ती कुणी केली, हे बहुतेक पुस्तकांत छापलेलं नसतं. ऋणनिर्देशात टंकलेखक येतो, वेळोवेळी चहा देणाऱ्या वहिनी येतात. सूचीवाला येत नाही.

माझं शिक्षण आणि नोकरीची पहिली वर्षं भराभर ओलांडते. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम घोकले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यातला चौथा. तो एक जन्मभर पुरला. मग हिंगोलीत कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. दाखलनोंदवही, कपाटांच्या किल्ल्या, वाळवी, परीक्षेच्या तोंडावर गाइडं मागणारी पोरं. यात मागोवा घेण्यासारखं काही नाही.

माझं खरं दशक १९८५ ते १९९५. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव; जिल्हा व्हायला १९९९ चा महाराष्ट्र दिन उजाडावा लागला. पूर्णा-अकोला मीटरगेज गाडी, एस.टी.चं पार्सल आणि पोस्ट, एवढ्या भांडवलावर माझा पुण्या-औरंगाबादच्या प्रकाशकांशी व्यवहार चाले. मुक्तिलढ्यात तरुण असलेली माणसं तेव्हा म्हातारी झाली होती आणि आठवणी लिहीत होती. गौरवग्रंथ निघत होते, प्रबंधांची पुस्तकं होत होती. मराठवाडा स्वतःचं स्वतः लिहून काढत होता. त्या पुस्तकांना सूची हवी असे आणि ती करणारं माणूस सापडत नसे. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी त्यात पडले.

खिळ्यांच्या छपाईत पुस्तक फर्म्याफर्म्यानं पुढं सरकायचं. सोळा पानांचा फर्मा छापून झाला आणि खिळे सोडले की त्या पानांचे आकडे कायमचे ठरले. छापलेले फर्मे टप्प्याटप्प्यानं माझ्याकडे येत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मी चिठ्ठ्या करत असे. एका चिठ्ठीवर एक नोंद, एक पान. वाचताना माणसांच्या नावांखाली लाल पेन्सिल, गावांखाली निळी. विषयांना मात्र साधी, खोडता येणारी, कारण विषय हा जागच्या जागी राहत नाही. तिसऱ्या प्रकरणात 'शेतसारा' म्हणून घेतलेली नोंद सातव्यात पोचेपर्यंत 'लेव्ही', 'कूळ' आणि 'सावकारी' अशी फुटते. मग मागं जा आणि चिठ्ठ्या नव्यानं लिहा.

अकारविल्हे लावायला बसायचं म्हणजे आधी पंखा बंद. मे महिन्यात हिंगोलीत पंखा बंद करून बसणं काय असतं, ते पुण्याच्या संपादकाला पत्रानं कळत नाही. त्याआधी नेम ठरवावे लागत. 'क्ष' हा 'क'मध्ये घ्यायचा की 'ह'नंतर? 'ज्ञ'चं काय? १९६२ च्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार गेले, पण जुन्या पत्रांच्या उताऱ्यांत ते तसेच बसलेले; त्यांची जागा कोणती? एकच गाव कुठं वसमत, कुठं बसमत. औंढा नागनाथ जुन्या लेखनात आमर्दक. तिथं 'आमर्दक : पाहा औंढा' अशी चिठ्ठी लागते. या 'पाहा'च्या चिठ्ठ्यांवरून सूचीवाला ओळखावा. स्वामी रामानंद तीर्थ एका पानावर 'स्वामीजी' असत, दुसऱ्यावर नुसतेच 'अध्यक्ष', आणि शाळेतल्या दिवसांच्या आठवणीत 'खेडगीकर गुरुजी'. ही तिन्ही पानं एका नावाखाली आणायची, तर पुस्तक समजून वाचावं लागतं. एवढं सगळं लावून झालं की प्रकाशकाचं कार्ड येई : शेवटच्या फर्म्यात सहाच पानं उरली आहेत, तेवढ्यात बसवा.

आता एक जुना हिशेब. सुरुवातीला सांगितलं त्याच ग्रंथाचा. लेखकानं सरहद्दीवरच्या कॅम्पांविषयी फार चांगलं लिहिलं होतं. त्यात बायका पानोपानी होत्या. रात्रीतून भाकऱ्या थापून पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, बंदुका कणगीत लपवणाऱ्या, नवरा तुरुंगात असताना औत धरणाऱ्या. पण नाव एकीचंही नाही. अमक्याची आई, पाटलाची सून, एक म्हातारी. दगडाबाई शेळक्यांसारखं नाव नोंदलेलं असतं तर व्यक्तिसूचीत जागा होती. या बिननावाच्या बायकांना कुठं घालायचं? मी 'स्त्रियांचा सहभाग' असं विषयशीर्षक केलं आणि त्याखाली पोटनोंदी दिल्या : अन्न पोचवणे, निरोप, शस्त्रे लपवणे, मागे राहिलेली घरे. संपादक महाशयांनी तांबड्या शाईनं सगळं काटलं. शेरा होता, 'मजकुरात हा विषय नाही.' विषय होता, मथळा नव्हता. याच महाशयांनी स्वतःच्या नावापुढं पानांच्या आकड्यांची लांबलचक रांग लावून घेतली होती. त्यातली अर्धी पानं अशी, की तिथं ते एखाद्या सभेला नुसते हजर होते. मी ती रांग निम्मी केली आणि तेवढ्या जागेत बायकांची नोंद परत आत घेतली. शेवटचं प्रूफ त्यांनी पाहिलंच नाही. नोंद छापली गेली. पुढं एका विद्यार्थिनीनं त्या एका नोंदीवरून प्रबंधाला विषय घेतला. नव्या आवृत्तीतून सूची गेली म्हणजे नेमकं काय गेलं, ते आता वाचकांच्या ध्यानात यावं.

आम्हा सूचीवाल्यांना ना संघटना, ना दर. ब्रिटनमध्ये १९५७ साली नॉर्मन नाइट यांच्या पुढाकारानं सूचीकारांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी 'द इंडेक्सर' हे त्यांचं नियतकालिक सुरू झालं. अमेरिकेतली संस्था १९६८ ची. तिकडं प्रशिक्षण मिळतं, उत्तम सूचीला पुरस्कार मिळतो. ऐंशीच्या दशकात मॅक्रेक्स, सिंडेक्स अशी खास या कामाची सॉफ्टवेअरं त्यांच्या हाती आली. आमची संस्था म्हणजे पोस्टकार्ड. परभणीचे एक ग्रंथपाल, नांदेडचे एक प्राध्यापक, औरंगाबादचे एक मुद्रितशोधक आणि मी, एवढेच आम्ही. 'सासरचं नाव धरायचं की माहेरचं?' 'सरदेशमुखांच्या तीन पिढ्या एकाच नावाच्या, कशा वेगळ्या करू?' अशा प्रश्नांनी कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं असे. पत्त्याच्या कडेलासुद्धा ओळ असे. मानधनाचा विषय काढला की प्रकाशक म्हणायचे, "मॅडम, आम्ही हे सेवाभावानं काढतोय." कागदवाला मात्र त्यांच्याकडून सेवाभावाचे पैसे रोख घेऊन जायचा.

सूचीची किंमत मला विद्वानांत नव्हे, नरसीला दिसली. नामदेवांचं हे गाव आमच्याच तालुक्यातलं. तिथं फडावर ठेवलेली गाथा उघडून पाहा : मागची पानं, अभंगांची अकारादी अनुक्रमणिका, बोटं लागून लागून काळी पडलेली. कीर्तनात प्रमाण आठवतं ते पहिल्या चार शब्दांनी, आणि ते तिथल्या तिथं सापडावं लागतं. मात्र एका गाथेतला अभंगाचा आकडा दुसऱ्या गाथेत लागू पडत नाही. शासनानं १९७० साली, नामदेवांच्या जन्माला सातशे वर्षं झाली तेव्हा, नामदेव गाथा काढली. तिचे आकडे वेगळे, आधीच्या गाथांचे वेगळे. त्याच नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्याची छापील पानं सगळीकडं १४३०. नांदेडला हुजूर साहिबमध्ये पद ज्या पानावर, अमृतसरलाही त्याच पानावर. नरसीच्या माणसाचा नेमका पत्ता पंजाबात लागतो, आणि इकडं एका गाथेतून दुसरीत जाताना हरवतो. अभंगांचे आकडे जुळवून देणारा तक्ता करू, असं मी एका संस्थेला सुचवलं होतं. त्यांनी सत्कार केला, शाल दिली. तक्त्याचं पुढं काही निघालं नाही.

दशक सरता सरता डीटीपी आलं आणि आमचे हाल सुरू झाले. खिळ्यांच्या काळात ठरलेलं पान हलत नसे. आता लेखकानं शेवटच्या क्षणी एक फोटो घुसडला की शंभराव्या पानापुढचं सगळं एक पान सरके. सूची नीट, आकडे चुकीचे, आणि बोल मला. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, अकारविल्हे तर कॉम्प्युटर एका बटणात लावतो." लावली. तेव्हाच्या मराठी फाँटांत अक्षर साठवलं जाई ते डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. परिणाम असा, की हिंगोली, किनवट, जिंतूर, निझाम आणि विसोबा खेचर सगळे एकाच ढिगात, कारण प्रत्येकाची सुरुवात वेलांटीनं. मी घरी आले, पंखा बंद केला आणि चिठ्ठ्या काढल्या.

२००० नंतरची वर्षं माझ्या लेखी सपाट. युनिकोड रुळलं, वेलांटीचा ढीग मोडला, मराठी अकारविल्हे यंत्राला जमू लागली. काम सोपं झालं, आणि नेमकं तेव्हाच प्रकाशकांनी सूची बंद केली. छपाई ऑफसेटवर, वाटेल तेवढी पानं वाढवता येतात, तरी या आठ पानांचा खर्च परवडत नाही. लेखकाचे मान्यवरांबरोबरचे रंगीत फोटो मात्र परवडतात.

आणि सर्च? जुन्या फाँटांत लावलेल्या पुस्तकाच्या पीडीएफमध्ये 'हिंगोली' टाकून बघा. समोर काही येत नाही. युनिकोडमध्ये असेल तर 'हिंगोली' येईल, पण 'गुरुजी' शोधल्यावर खेडगीकर कोणते आणि गावोगावचे इतर गुरुजी कोणते, हे यंत्र सांगत नाही. 'स्त्रियांचा सहभाग' टाका. एकही पान येणार नाही, कारण लेखकानं तो शब्द लिहिलेलाच नाही. त्यानं 'एक म्हातारी' असं लिहिलंय. सर्चला अक्षरं सापडतात. कुठला वाचक उद्या काय विचारील, याचा विचार करून कुणीतरी पुस्तक आधी वाचलेलं असावं लागतं, ते काम सूचीचं. आता म्हणे यंत्रच सूची करून देतं. खुशाल द्यावी. एकानं कौतुकानं दाखवलेली मी पाहिली : 'निझाम' या शब्दापुढं चार ओळी भरून पानांचे आकडे, पोटनोंद एकही नाही. एवढी पानं चाळायची तर वाचकानं अख्खं पुस्तकच का वाचू नये?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. सत्कार झाले, कमानी लागल्या. माझी मागणी त्यामानानं अगदी स्वस्तातली आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांच्या आणि शासकीय अनुदानाच्या नियमांत एक ओळ वाढवा : इतिहास, चरित्र, समीक्षा किंवा समाजशास्त्राच्या पुस्तकाला सूची नसेल, तर ते विचारात घेतलं जाणार नाही. सूची करणाऱ्याचं नाव श्रेयपानावर छापा आणि त्याला पानामागं ठरलेला दर द्या. विद्यापीठांनी सूचीचा एक छोटा अभ्यासक्रम काढावा. मराठी घेऊन पदवीधर झालेल्या मुलामुलींना घरबसल्या चार पैसे मिळतील. आणि वाचकांनो, सूची नसलेलं सातआठशे रुपयांचं संशोधनाचं पुस्तक विकत घेऊ नका, आणि का घेतलं नाही ते प्रकाशकाला कळवा. दुसरी कुठली भाषा त्यांना समजत नाही.